मागून येणारे काका

दिल्लीत राहून माणूस संशयी होतोच, त्यात माझा काय दोष, सांगा. हिमाचलातल्या एका नॅशनल पार्कात आम्ही पोरांना घेऊन डोंगर चढत होतो आणि एक काका सारखे मागे. आम्ही थांबलो की तेही थांबून बुटाची नाडी बांधायचे. धाकटा मिलिंदच्या, म्हणजे नवऱ्याच्या, पाठीवर झोपलेला. मी हळूच म्हटलं, "हा माणूस मला बरा वाटत नाही. पोरांना सांभाळ." बाहेर असलं काही आम्ही मराठीतच बोलतो, कुणाला कळत नाही.

मी सईचा हात घट्ट धरून तिला ओढायला लागले. पाच वर्षांची पोर, आधीच दमलेली. "छोड़ो मुझे, घर जाना है" म्हणत तिने भोकाड पसरलं. रडायचं झालं की ती हिंदीवर येते.

काका तडक पुढे आले. "बच्ची हिंदी में रो रही है, आप दोनों पता नहीं किस भाषा में फुसफुसा रहे हो. कब से देख रहा हूँ." मग सईसमोर वाकून म्हणाले, "बेटा, ये तुम्हारे मम्मी-पापा हैं?"

सईने आमच्याकडे पाहिलं. मग वरच्या चढाकडे पाहिलं.

"नहीं अंकल. आप गोदी में उठाओगे?"