उंदरांचा कोबी

काष्टीच्या स्टँडवर नगरच्या गाडीला रांग लागली होती. सुमंत गुरुजींच्या पुढं छबूबाई आणि साळूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. दर शनिवारी गुरुजी शाळेच्या ओट्यावर पेपर वाचून दाखवत, तेव्हा या दोघी न चुकता येऊन बसायच्या. गुरुजी आता हाक मारणार, तोच त्यांच्या कानावर आलं.

“साळे, नगरला कशापाई गं?”

“छातीत गाठ हाय. श्रीगोंद्याचा डागदर म्हनला, क्यान्सर हाय, लई उशीर केला.”

“कवापासनं हाय?”

“दिवाळीच्या आधीपासनं. तवा सुपारीएवढी हुती.”

“आन् तू गप बसलीस?”

“गप कशाला बसू? गुरुजींनी वाचलं न्हवतं का, परदेशात उंदरांना कोबी चारला, तर त्यांना ह्यो रोग झालाच न्हाई. मीबी रोज खाल्ला. कच्चाच.”

“आगं, पर त्ये उंदीर धडधाकट हुते.”

“आसतील. पर गुरुजी खोटं कशाला वाचत्याल? माझंच कुटं तरी कमी पडलं आसंल. शनिवारी त्यांनाच इचारते, उंदरांनी किती दिस खाल्ला हुता.”

गाडी आली. दोघी चढल्या. कंडक्टरनं दोनदा विचारलं, तरी गुरुजी खालीच उभे राहिले.