बंडी कोणाच्या हातची

जयश्री : हात नोको लावू वं, नाजूक काम आहे. तुमच्या साहेबाले बोलाव. मी त्याच्याच हाती देईन.

दामिनी : साहेब नागपूरला म्युझियममध्ये आहेत, काकू. पांढुर्ण्याच्या प्रदर्शनाचं सगळं मीच पाहते. इकडे टेबलावर ठेवा.

जयश्री : हळूच ठेव, सुचिता. तिकडून धर. हां. थांब, हा आवाज... दामिनी? तू?

दामिनी : मीच. तुम्ही मान वर करून पाहिलंच नाही.

जयश्री : अन् काकू काय म्हणून राहिली?

दामिनी : आधी आई म्हणत होते. तुमच्या घरची सून होते तेव्हा. आता काकूच बरोबर ना?

जयश्री : इथं काय करून राहिली तू?

दामिनी : नोकरी. लोकांच्या घरातली कला लोकांसमोर मांडायची, बायका-लेकरांना घेऊन बसायचं, चार गोष्टी करायच्या. नागपूरचं म्युझियम आता गावोगावी जाऊन हे करते. पांढुर्ण्याचा विषय रुखवत. पेपरात वाचूनच आल्या असाल.

जयश्री : वाचूनच आली. पण टेबलाले कोण बसलं आहे, ते नव्हतं लिहिलं पेपरात. चल सुचिता, उचल.

सुचिता : आई, बाहेर सगळ्या बाया पाहून राहिल्या. आत्ताच तर तू त्यांना फडकं उचलून दाखवलं. अन् वरुडवाल्यांना काल फोनवर...

जयश्री : तू गप्प बस.

दामिनी : वरुडवाले कोण?

सुचिता : कोणी नाही, भाभी.

जयश्री : कोणी नाही कायले? सांग ना तिले, लाजून कायले राहिली? सोयरीक जुळून राहिली हिची. पोरगा बँकेत आहे, वरुडले दोन मजली घर, संत्र्याचा बगीचा. रविवारी सगळे पाहायले येऊन राहिले. म्हटलं, घरी बसून पोहे खाल्ले तं पोरीचं काय समजते? आमच्या पोरीची कला म्युझियममध्ये मांडली आहे, तिथंच या.

दामिनी : चांगलं केलं. काढा फडकं.

जयश्री : पाय. पाहून घे.

दामिनी : बंडी आहे.

जयश्री : बंडी. चाकं, जू, सगळी बैलगाडी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्याईची. बैल कापसाचे, डोळे सरकीचे, अंगावरची झूल पाय, संत्र्याच्या सालीची. एक टाका नाही त्याच्यात. अशी बंडी छिंदवाड्यापर्यंत कोणी केली नसंल.

दामिनी : छान आहे. कोणाच्या हातची?

जयश्री : कोणाच्या म्हणजे? सुचिताच्या.

दामिनी : एक मिनिट हं. बाळा, माती तोंडात नाही घालायची. थू कर. पाणी पी आता. घोट घोट, घाई नको. हं.

जयश्री : कोणाची पोट्टी आहे ही? केवढी खोकलून राहिली.

दामिनी : ठसका लागला. खोकला नाही.

जयश्री : गोड आहे. इकडे ये वं बाई. काय नाव तुयं? कोणाची तू?

दामिनी : अनोळखी माणसांना नाव सांगत नाही ती. मीच शिकवलं.

सुचिता : आई. तिचे डोळे पाय ना. दादासारखे.

जयश्री : काय म्हणतं? अय बाप्पा, सायली? एवढी झाली?

दामिनी : होतात. दवाखान्यात वेळेवर नेलं की होतात मोठी.

जयश्री : हे पाय दामिनी, जुनं नोको उकरू. पोळ्याचा दिवस होता, घरात पाव्हणे, पुरणाची कढई चुलीवर. लेकराले ताप आला म्हणून कोणी भरल्या घरातून नागपूरले पळते का?

दामिनी : ताप नव्हता. निमोनिया होता. श्वास घेतला की बरगडीखाली खड्डा पडत होता. मी तुम्हाला बोट लावून दाखवला तो खड्डा. तुम्ही म्हटलं, पोट्टीची जात चिवट असते, काढा पाज.

जयश्री : मी असं नाही म्हटलं.

दामिनी : पुरण वाटता वाटता म्हटलं. मागे वळूनही नाही पाहिलं. मी तशीच स्टेशनवर गेले. रुखवत, भांडीकुंडी सोडा, लेकराचं दुपटंही घेतलं नाही. अन् मी तिकडे काचेच्या खोलीबाहेर बसले होते तेव्हा तुम्ही इकडे बैठक बोलावली.

जयश्री : सून न सांगता जाते तेव्हा चार लोकाईले बसवाच लागते.

दामिनी : बसवलं. अन् काय सांगितलं? रिकाम्या हातानं आली, रिकाम्या हातानं पळाली. माझे बापूजी म्हणाले, बाकी राहू द्या, पोरीचं रुखवत तरी द्या, साऱ्या हिवाळ्यात बसून तिनं केलं आहे. तर तुम्ही म्हटलं, कायचं केलं? नागपूरच्या सीताबर्डीवरून इकत आणलेलं आहे ते, सौंसरच्या पोरीले सुई धरता येत नाही. सगळे हसले म्हणे. बापूजी त्या दिवशी उठले, ते अजून पांढुर्ण्यात पाय नाही ठेवला त्यांनी.

जयश्री : झालं तुयं? मंग आता मी काय म्हणतो ते ऐक. तुयं होतं ते बाजारचं होतं. अन् ही बंडी माह्या पोरीच्या हातची आहे. तुले काही म्हणाचं आहे?

दामिनी : मला काय म्हणायचं? मी इथं म्युझियमची माणूस. जे नाव सांगाल ते कार्डावर लिहीन.

जयश्री : एवढ्या लवकर मानली?

दामिनी : भांडायला पगार नाही मिळत मला. पुन्हा विचारते. बंडी कोणाच्या हातची? मागून बदलायचं नसते.

सुचिता : आई, राहू दे ना. नाव नको देऊ. नुसतं आपल्या घरचं लिही म्हण.

जयश्री : कायले? चोरी केली का आपण? लिही वं. सुचिता. मोठ्या अक्षरात लिही, मराठीत अन् हिंदीत, दोन्हीत. आंधळ्यालेही दिसलं पाहिजे.

दामिनी : लिहिलं. पाहून घ्या. ठीक? आता रविवारचं सांगते. सुचिता, तू अकरापर्यंत ये. आधी जेवून ये, मग उठता येत नाही.

जयश्री : ती कायले येईन अकराले? पाव्हणे बाराले येतात, तेव्हाच येऊ आम्ही.

दामिनी : तिला बसायचं आहे ना. जिच्या हातचं रुखवत, ती त्याच्याशेजारी सतरंजीवर बसते. पऱ्हाटी, कापूस, साली, सगळं आम्ही देतो. लोकांसमोर तसलंच एक छोटं करायचं. बंडी नको, एक बैल पुरे. लेकरं समोर बसतात, त्यांच्याकडूनही करून घ्यायचं.

जयश्री : हे कोणी सांगितलं?

दामिनी : पेपरातच होतं, फोटोच्या खाली. तुम्ही फोटोच पाहिला असेल. म्युझियमला नुसती वस्तू नको असते, काकू. ती तर दुकानातही मिळते. त्यांना हात पाहायचे असतात.

जयश्री : तिले बरं नाही वाटून राहिलं दोन दिवसांपासून. चक्कर येते.

दामिनी : मग वरुडवाल्यांना कळवा, पोरीला चक्कर येते.

जयश्री : तोंड सांभाळ!

दामिनी : तुम्हीच म्हटलं ना, पोहे खाऊन काय समजते. आता हातच पाहतील. सासू तर जवळ मांडी घालून बसेल. कसं करते बेटा, मलाही दाखव, म्हणेल.

जयश्री : नाव लिहाच्या आधी कायले नाही सांगितलं तू हे?

दामिनी : तुम्हाला आंधळ्याला दिसेल अशा अक्षरात पाहिजे होतं. मी तिकडेच लक्ष दिलं.

जयश्री : काढ ते कार्ड. बंडी नेतो मी घरी.

दामिनी : न्या. बाहेर बायका उभ्या आहेत, त्यांच्यातूनच न्यावी लागेल. त्या विचारतील, काय झालं वं जयश्रीबाई, म्युझियमवाल्यांनी परत केली का?

जयश्री : तुह्या साहेबाले फोन लावतो. सांगतो, तुमची बाई घरचं वैर काढून राहिली इथं बसून.

दामिनी : नंबर देऊ? पण ते पहिले हेच विचारतील, घरचं वैर म्हणजे काय? अन् मग बंडी कोणाची?

जयश्री : तुह्या बापानं हेच शिकवलं तुले.

दामिनी : नाही. बापानं मान खाली घालून उठायला शिकवलं. हे मी तुमच्याजवळ राहून शिकले.

जयश्री : चल सुचिता. राहू दे बंडी तिथंच. चल म्हणतो ना!

(थोड्या वेळानं सुचिता एकटीच परत येते.)

सुचिता : भाभी, मी ओढणी विसरली सांगून आली. आई गाडीत बसली आहे. दोन मिनिटं ऐक ना, प्लीज.

दामिनी : बोल.

सुचिता : मले बैल तर सोड, साधी वात नाही वळता येत, तुले माहीत आहे. रविवारी मी काय करू?

दामिनी : नाही येत म्हणून सांग.

सुचिता : त्यांच्यासमोर? तुषारच्या आईसमोर?

दामिनी : तुषार नाव आहे?

सुचिता : हो. चांगला आहे तो, भाभी. रोज फोन करते. मले म्हणते, तुले जे येत नाही ते आपण दोघं मिळून शिकू. मले आवडते तो. खरंच.

दामिनी : मग त्याला आजच सांग. बंडी भाभीची आहे म्हणून.

सुचिता : सांगितलं असतं. पण त्यानं घरी सांगितलं तर? त्याच्या आईले माझ्या आईनं या बंडीचे फोटो दाखवले, कशी रात्र रात्र जागून केली ते सांगितलं. आई खोटी पडते ना मग.

दामिनी : पडूच दे.

सुचिता : तुझं भांडण तिच्याशी आहे. माझ्याशी काय आहे?

दामिनी : गच्चीवर मी साली वाळत घालत होते तेव्हा कावळे कोण हाकलत होतं?

सुचिता : मी.

दामिनी : बैलाचं शिंग तुटलं, तेव्हा नवं कोणासमोर बसून केलं मी?

सुचिता : माझ्या.

दामिनी : अन् बैठकीत बापूजींनी तुला आवाज दिला. म्हणाले, ही पोरगी सांगेल, हिनं पाहिलं आहे. तू दारातच उभी होतीस. काय म्हटलं तू?

सुचिता : जाऊ दे ना, भाभी.

दामिनी : सांग ना. मी नव्हते तिथं. मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

सुचिता : म्हटलं, मले काय माहीत.

दामिनी : हे आहे तुझ्याशी.

सुचिता : लहान होती मी, भाभी! आईसमोर दादाचा आवाज नाही निघत, माझा कसा निघेल? तू राहिली ना त्या घरात. तुझा निघत होता का?

दामिनी : नाही. म्हणून तर लेकरू मरता मरता वाचलं.

सुचिता : मी पाया पडते. कार्ड बदल. कोणाचंच नाव नको लिहू.

दामिनी : एक रस्ता आहे. रविवारी माईक फिरतो, ज्याला बोलायचं ते बोलतात. तुझ्या आईनं माईक घ्यायचा अन् म्हणायचं, ही बंडी दामिनीच्या हातची, बैठकीत मी खोटं बोलले. बस. मी तिथंच कार्ड फाडते, तू सतरंजीवरून उठ, तुषारला घेऊन चहा प्यायला जा.

सुचिता : सगळ्या गावासमोर?

दामिनी : बैठक सगळ्या गावासमोरच होती. बापूजी पहिल्या रांगेत बसतील. गाडी सांगितली आहे मी सौंसरवरून.

सुचिता : गाडी सांगितली? आम्ही तर आज आलो. तुले कसं माहीत होतं आम्ही बंडी आणू?

दामिनी : माहीत नव्हतं. पण साहेबांनी विचारलं होतं, पांढुर्ण्यात कोणता विषय घ्यावा. कोणी पोळा म्हटलं, कोणी संत्र्याचे बगीचे म्हटलं. मी रुखवत म्हटलं.

सुचिता : म्हणजे हा सगळा कार्यक्रम...

दामिनी : कार्यक्रम चांगलाच आहे. कितीतरी बायांनी पेटीतलं काढून आणलं, पहिल्यांदा कोणी त्यांना विचारलं, हे तू केलं का म्हणून. रडल्या काही जणी. मी फक्त दार उघडं ठेवलं. तुझ्या आईला मिरवल्याशिवाय राहवत नाही, ते मला माहीत होतं.

सुचिता : तू अशी नव्हती, भाभी.

दामिनी : नव्हते.

सुचिता : हॉर्न वाजवून राहिली आई. जाते मी. सायलीले हे चॉकलेट देऊ?

दामिनी : पाहू. शेंगदाणा आहे याच्यात. चालत नाही तिला, अंगावर उठते.

सुचिता : तिले माहीत आहे का मी कोण?

दामिनी : नाही.

सुचिता : आई नाही बोलणार, भाभी. माईकच काय, घरातही नाही बोलणार. तुले माहीत आहे.

दामिनी : हो.

सुचिता : मग मलेच बसा लागेल.

दामिनी : नाहीतर तू माईक घे. तेव्हा म्हणाली ना, मले काय माहीत? आता माहीत आहे म्हण.

सुचिता : आई मले घरात नाही घेणार मग.

दामिनी : नाही घेणार.

सुचिता : रविवारी तू कुठं असशील?

दामिनी : तुझ्या बाजूलाच. कात्री, डिंक, काही लागलं तर माग.