न थुंकलेला थेंब

मंडळी, टाळ जरा थांबवा. आज एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर मलाही धड येत नाही! उपास कुणाचा असतो — पोटाचा की मनाचा? मनाचा म्हणता? लगेच माना हलल्या! घाई नको. ऐका.

गेल्या साली एका गावात सप्ताह होता. काल्याचा दिवस, पाचशे माणसांचा स्वयंपाक. आणि आचारी कोण? दस्तगीरभाई! वीस वर्षं त्या गावचा महाप्रसाद त्यांच्याच हातचा. पण तेव्हा नेमका रमजान चालू. भाईंचा रोजा — पाण्याचा थेंबसुद्धा नाही! आपल्या एकादशीसारखं नव्हे हो. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर दोन केळी! हसू नका, तुमच्याच घरचं सांगतोय.

चुलीच्या धगीमुळं भाईंचे दरसाल दोन-चार रोजे सुटायचे. त्याची त्यांना फार टोचणी होती. त्या साली त्यांनी निश्चय केला — एकही सोडायचा नाही!

आमटीला उकळी आली. मीठ कसं कळणार? आचारी पळीतला थेंब तळहातावर घेतो आणि जिभेला लावतो. मशिदीतल्या मौलानांनी सांगून ठेवलेलं, "कामच तसं आहे, तर चाखा. पण गिळू नका, थुंकून टाका." भाईंनी चाखलं. मीठ बरोबर! आता थुंकायचं. पण कुठं? समोर देवाचा नैवेद्य शिजतोय, तिथं थुंकायचं? छे! तोंड घट्ट मिटून भाई मांडवाबाहेर निघाले. आणि वाटेत आडवा कोण आला?

मीच हो!

म्हटलं, "काय दस्तगीरभाई, आमटी कशी झालीय?"

"फस्क्लास झालीय, बुवा!" — आणि झटकन तोंडावर हात! थेंब गेला पोटात!

माणूस एकाएकी रडवेला का झाला, मला काही कळेना. मी आपला वास घेत उभा!

दिवसभर त्यांनी पाणी घेतलं नाही. संध्याकाळी मला साक्षीला घेऊन मौलानांकडे गेले. मौलाना म्हणाले, "रोजा लक्षात असताना गिळलं गेलं, म्हणजे आजचा रोजा गेला. ईदनंतर बदली एक ठेवा. मुद्दाम नाही केलंत, मनाला लावून घेऊ नका."

मिटलं की नाही? पण भाई उठेनात! म्हणाले, "मौलाना, मी बोललो ते बुवांचा मान राखायला, का माझ्या आमटीची तारीफ ऐकायला? नियत कंची होती, मलाच समजंना झालंय."

मौलाना म्हणाले, "ते मला कसं दिसणार, भाई? अल्ला जाणे."

आता सांगा, मी तरी का विचारलं? काळजीनं? का भुकेनं? दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात कीर्तनाला उभा राहिलो खरा, पण माझा अभंग दोनदा चुकला!

ईद झाली. आठवड्यानं त्या गावावरून चाललो होतो. हॉटेलात भाई बसलेले, सगळ्यांपुढं चहा, यांच्यापुढं नाही. एक जण म्हणाला, "घ्या की भाई! आता कसला उपास?"

"आज राहू द्या. उद्या दोन घेतो!"

मी दारातच थबकलो. भाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं. बदलीचा रोजा होता! कुणाला कळू द्यायचा नव्हता. शाबासकीचा एक शब्दही नको होता त्यांना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मंडळी.

आणि मी काय केलं? स्पीकर लावून तुम्हा सगळ्यांना सांगून टाकलं! नावासकट! का सांगितलं? तुम्ही शहाणे व्हावं म्हणून? का घरी जाताना "बुवांनी आज रडवलं" म्हणावं म्हणून? खरं सांगतो — मला कळत नाही. अजून कळत नाही!

आणि तुम्ही हो? पंगतीत वाढताना फोटो काढून घेता, टाळी वाजवताना शेजाऱ्याकडं बघता. ते कुणासाठी?

आता नाम घ्यायचंय. पण मनात घ्या. शेजारच्याला ऐकू जाता कामा नये. बघू कुणाला जमतंय.

अहो माईकवाले, आधी माझा बंद करा!