विहारहून परतलेली बायसिकल

वडील गेल्यापासून आजारी असलेल्या आईच्या औषधासाठी कालिंदी गिरगावात वैद्यांच्या ओटीवर बसली होती. शेजारी गुडघा बांधलेला एक तरुण आपल्या वडिलांची मनधरणी करत होता.

“अण्णा, विहार तलावापर्यंत गेलो. रान, खडी, नदीकाठचा चिखल, सगळं बायसिकलवरून! आता तरी विकू नका तिला.”

“परतही तिच्यावरूनच आलास?”

“तर काय!”

“मग चिंतामणी, कालपासून वाडीतली मांजरं तिची चाकं का चाटताहेत?”

“येताना शीवला पडलो हो. पुढं एका कोळणीनं बैलगाडीत घेतलं.”

“आणि बायसिकल?”

“मासळीच्या टोपल्यांवर.”

“तू कुठं बसलास?”

“बायसिकल धरून... तिथंच.”

“शिव शिव!”

“मग विकणार, अण्णा?”

“या वासाची घेणार कोण? ठेव तुझ्याकडेच. आणि जरा लांब सरक.”