अण्णांचं दोन मजली घर

पण मी म्हणतो, बोलायची गरज होती का? सांगा ना तुम्ही. चोवीस वर्षं कापडाच्या लूमवर उभं राहून कान गेले, पण तोंड शाबूत... आमचे अण्णा हो, वाल्मिकअण्णा, माझा बाप. गाव सोडून इथं शहरात, नवागामात दहा बाय दहाची खोली, आम्ही पाच जण, आणि कुठलाही घरमालक अकरा महिन्यांनी म्हणतो खाली करो, जास्त राहिलात तर खोली तुमचीच म्हणाल. या महिनाअखेरीस परत निघायचंय. म्हणून पालिकेच्या स्वस्त घराचा फॉर्म भरला. मी भरला, अकरावी अर्धी सोडलेल्यानं, कारण घरातले शहाणे नुसते सल्ले देतात.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काका, आपके नाम पे कहीं पक्का मकान है?" आता हा प्रश्न आम्हा खान्देशी लोकांत कधी विचारतात? सोयरीक जमवताना. अण्णांची छाती फुगली. "शे ना ताई, दोन मजली स्लॅब शे, गेटवर मना नावनी पाटी शे," आणि वर मोबाइलमधला फोटो. मी खालून पाय दाबतोय, तर मोठ्यानं म्हणतात, "पाय काब्रं तुडावस रे?"

बाईंनी फॉर्म परत सरकवला. पक्कं घर देशात कुठंही असलं तरी इथं मिळत नाही.

मी फक्त विचारलं. मॅडम, गावाकडच्या त्या घरात राहतं कोण? माझ्या चुलत्याचा, भटूकाकाचा कांदा. आम्ही राबणार इथं, बहीण शिकणार इथं, मग घर तिथलं का मोजता? विकत नका देऊ, पालिकेनं भाड्याच्या खोल्या बांधाव्यात, लेखी करार, वर्षा-वर्षाला बिऱ्हाड हलवणं नाही... जमत का नाही? बाई म्हणाल्या, "सूचना अच्छी है, लिखके दो, साथ में भाडा करार जोडना." घरमालक करार देत असता तर मी आलो असतो का? मी फक्त विचारलं.

बाहेर आल्यावर अण्णांना बजावलं, यापुढे कुणीही विचारलं तर घर नाही म्हणायचं. फोटोसुद्धा पुसायला लावला. तुम्हाला सांगतो, अण्णांनी मान डोलावली. वाटलं, चला, चोवीस वर्षांत काहीतरी शिकले.

काल दिंडोलीत खोली पाहिली. भाडं झेपणारं, नळ आत, बहिणीची, धनश्रीची शाळा पाच मिनिटांवर. मालकीण सुंदराबाई आपल्याच खान्देशाकडची. म्हणाली, "गावाला स्वतःचं घर आहे ना दादा?"

अण्णांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "नही ताई. कोठेच नही."

"मग नाही जमायचं. ज्याला परत जायला घर नाही, तो खोली सोडत नाही."

मी फक्त विचारलं, अण्णा, फोटो कुठंय?

"तूच पुसाले लावना ना."

असली कुठं खोली तर कळवा. फक्त अण्णांना काही विचारू नका.