पेपर संपेपर्यंत

नको नको, पोरी, दार वाजवू नकोस — आत पेपर चाललाय. गणिताच्या ब्रिज कोर्सचा, शेवटचा. ऑफिसातल्या बाई? त्या आतच आहेत, पोरांवर लक्ष ठेवायला. तुला नाव घालायचंय ना कोर्सला? मग बस इथे बाकावर, मी सरकते. माझा थोरला आत आहे, लुयोलो. खिडकीतून पाठ दिसते बघ, निळ्या स्वेटरची, मान वाकडी करून लिहितोय — लहानपणापासून तसाच लिहितो, सांगून सांगून थकले. जाऊ दे.

तूही व्यवहार गणितवालीच ना? वाटलंच. आमच्या खेड्यातल्या शाळेत तेवढंच शिकवायचे, दुसऱ्या गणिताला मास्तरच नव्हता — बिल कसं वाचायचं, भिंतीला रंगाचे डबे किती लागतील, असलं सगळं. लुयोलोला त्यात नव्वदच्या वर मार्क पडले. आम्ही मेंढरू कापलं, अख्खा गाव जेवला, पाद्रीबाबांनी चर्चमध्ये त्याला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या — आणि विद्यापीठाच्या खिडकीवरचा माणूस म्हणतो, बाळा, इंजिनीअर व्हायला हे गणित चालत नाही, ते वेगळं. वेगळं म्हणजे? गणित ते गणितच ना? नसतं गं. आम्हाला कोण सांगणार होतं? मग हा कोर्स. एवढा मिशा फुटलेला घोडा, परत अपूर्णांकापासून बसला. रडलासुद्धा. मला नाही सांगितलं, भावाला सांगितलं फोनवर.

धाकटा माझा, सिवे. तो खाणीत आहे, रस्टनबर्गकडे. म्हणजे... हं. पोरांचे वडील तिथेच होते, छातीत धूळ बसून गेले, मग खाणवाले घरातल्या एका मुलाला घेतात ना, तशी जागा आली. जागा खरी थोरल्याची. पण सिवे म्हणाला, "आई, दादाला कुठे पाठवतेस? तो दगड फोडायच्या आधी त्याचं क्षेत्रफळ काढत बसेल! मी जातो, त्याला शिकू दे." हसत हसत गेला. रविवारी फोन ठरलेला — "काय दादा, सापडला का तुझा तो एक्स? नसेल तर सांग, इथे खाली बघतो, अंधारात काय काय सापडतं." असा चावट. फीसुद्धा तोच भरायचा. आज हा पेपर बुडाला तर लुयोलोला सगळं वर्ष परत पहिल्यापासून, आणि आता फी कोण भरणार? सांग ना — कोण भरणार?

थंडी नाही गं वाजत. ब्लँकेट... तू आमच्यातलीच, हे सुतकाचं पांघरलेलं बघून तुला कळलंच असेल. पहाटे फोन आला. वरचा दगड सुटला म्हणे. मी विचारलं, कुठल्या हॉस्पिटलात ठेवलंय त्याला — तर पलीकडचा माणूस म्हणाला, घरातल्या पुरुषाकडे फोन द्या.

माझी जागा आत्ता घरात, कोपऱ्यात, जमिनीवरच्या गादीवर. माती होईपर्यंत आईने उंबऱ्याबाहेर पडायचं नसतं, मला का ठाऊक नाही? पण मी उठले. बायका नुसत्या बघत राहिल्या. पोरांचे काका निघाले होते ना इकडे — मरणाची बातमी घरातल्या थोरल्या पुरुषानेच सांगायची, आणि लगोलग सांगायची. मी म्हटलं, भाऊजी, दुपारपर्यंत थांबा. तर माझ्या माहेरच्या कुळाचं नाव घेऊन कडाडले, "मामटोलो, डोकं फिरलं का तुझं? भाऊ तिकडे पडलाय आणि हा इथे बेरजा करणार?" हो, म्हटलं, करणार. ते कपडे बदलेपर्यंत मी टॅक्सी धरली आणि इथे म्थाथाला आले. पोरांचे फोन आत काढून घेतात, तेवढं बरं. मघाशी त्या बाईंना सांगितलं, तर त्याच रडायला लागल्या, लगेच बोलावते म्हणाल्या — मी हात धरला त्यांचा. लिहू दे, म्हटलं. लिहू दे त्याला.

बरोबर केलं ना मी? उद्या म्हणाला, आई, माझा भाऊ गेलेला आणि तू मला समीकरणं सोडवू दिलीस — तर? जन्मभर बोलणार नाही कदाचित. न बोलू दे. सिवे असता तर म्हणाला असता — काय म्हणाला असता? काहीतरी चावट. सकाळपासून आठवायला बघतेय त्याचा आवाज, येतच नाही. शब्द आठवतात, आवाज नाही.

अगं बाई — फाटकात बघ. राखाडी हॅट, काठी. आलेच ते. पोरी, माझं एक काम कर. जा, त्यांना पाणी दे, कुठल्या गावचे विचार, तुझ्या कुळाचं नाव सांग — मग ते तुझ्या आज्यापणज्यांपर्यंत नाती जुळवत बसतील, त्याशिवाय पुढे पाऊल टाकणार नाहीत. तेवढा वेळ मिळू दे मला—

थांब. खुर्च्या सरकल्या. संपला वाटतं.

जा तू आता. नाही, इथे नको उभी राहूस, आमचं आम्हाला... दार उघडलं. तोच आला पहिला. मला बघितलं त्याने. हसतोय गं. दोन्ही हात वर करून हसतोय — जा ना, पोरी, जा.