सख्खी बहीण राहते तिथं

दिपाली : टँकर कुणी सांगितला, तेवढंच विचारतीया मी.

बिरुदेव : ताई, आदी दार लाव. अकराला गिऱ्हाईक येणार हाय. जिन्यात आवाज घुमतोय.

दिपाली : घुमू दे. धुळाप्पा आत्ता खाली पाइप गुंडाळत काय म्हणला म्हाईत हाय का? म्हणला, "ताई, तुमच्या भावाचं गिऱ्हाईक आलं की माझा टँकर ह्या बिल्डिंगीला लागतोच. पयल्यांदा आलो तवा हितं चिटपाखरू नव्हतं. तीन वर्सं झाली, दिवाळी होती."

बिरुदेव : त्यो दिवसाला पंधरा टाक्या भरतोय. त्याला काय धड आठवतंय.

दिपाली : चांगलं आठवतंय. तू त्याला करंज्या दिल्या होत्यास म्हणं, वर्तमानपत्रात बांधून. माझ्याच घरनं नेलेल्या. बिरू, त्याच दिवशी दुपारी मी आन् तुझे दाजी हा फ्लॅट बघाय आलो होतो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती.

बिरुदेव : मग? घर दाखवायचं म्हणल्यावर टाकीत पाणी नको? लग्नाला पोरगी दाखवताना पावडर लावतातच की.

दिपाली : मी सगळ्यात आदी ह्या मोरीतला नळ सोडला होता. आठवतंय का? सोलापुरात घर बघाय गेलेलं माणूस हॉल बघत न्हाय, खिडकी बघत न्हाय, नळ सोडतंय. मीबी तेच केलं. धो धो पाणी आलं. मी ह्यांना म्हणलं, आज कुणाच्याच गल्लीत पाण्याचा दिवस न्हाय, तरी हितं पाणी हाय बघा. मला वाटलं, देव पावला. पावला होता धुळाप्पा.

बिरुदेव : तू शेजारी विचारायचं होतंस. मी हात धरला होता का?

दिपाली : शेजारी. भाऊ घर दाखवतोय आन् मी शेजारी विचारत फिरू? कुंपणच शेत खाईल हे मला कसं कळावं?

बिरुदेव : बिल्डर म्हणला होता, सहा म्हैन्यांत मोठं कनेक्शन घेतो. हद्दवाढ भाग हाय, लाइन मंजूर झालीय. त्यानं मला सांगितलं, मी तुला सांगितलं. मी काय मुद्दाम खड्ड्यात घातलं तुला?

दिपाली : त्यानं सांगितलं ते तू सांगितलंस. पण टँकर त्यानं मागवला, का तू?

बिरुदेव : अकरा वाजाय आले, ताई. दार लाव.

दिपाली : बोल की.

बिरुदेव : मी मागवला. बास? धंद्यातला पहिला फ्लॅट होता माझा. दोन म्हैने बोहणी नव्हती. तू त्याच सांजंला इसार दिलास म्हणून मी उभा ऱ्हायलो. आन् त्या दलालीतनंच दुसऱ्या दिवशी तुला इरकल नेसवली की ओवाळणीला. ती घेताना विचारलं न्हाईस कुटनं आली.

दिपाली : ती इरकल अजून घडी मोडून दोनदा नेसले न्हाय मी. जपून ठेवलीया. माझ्या भावाची पयली कमाई म्हणून.

बिरुदेव : आता रडू नको. गिऱ्हाईकासमोर डोळे लाल बरे दिसत न्हाईत.

दिपाली : रडत न्हाय. पाठीत कळ आली. खालच्या हौदापासनं तीन मजले कॅन वाहून मणक्यातली गादी सरकलीय माझी. सहाव्या दिवशी तासभर पाणी येतंय, बारा बिऱ्हाडं, अर्ध्या इंचाचा पाइप. मोटर लावली तर हवा वढतीय. लिफ्ट तर उद्घाटनाचा नारळ फुटल्यापासनं बंद. तुझे दाजी श्रीपूरला कारखान्यावर, आटवड्याला एकदा येणार. डॉक्टर म्हणला, आता वजन उचललं तर ऑपरेशन.

बिरुदेव : म्हणून तर विकून देतोय की. तूच म्हणलीस, विजापूर रोडला तळमजल्याची जागा बघून ठेवलीया, शनिवारी इसार द्यायचा. आज हे जमलं न्हाय तर ती जागा गेली. दुसरा माणूस टपून बसलाय तिथं. मग वहा कॅन.

दिपाली : ते मला नको सांगू. रातंदिस तेच हाय डोक्यात.

बिरुदेव : मग गप ऱ्हा. म्हातारी मंगळवेढ्याकडची हाय, केराबाई. रान रस्त्यात गेलं, पैसा रोख हाय. लोन न्हाय, बँक न्हाय, वकील न्हाय. असलं गिऱ्हाईक वर्सातनं एक येतंय. नळ सोडंल, पाणी बघंल, झालं. बाकीच्यांच्या नळांचे वॉल मी वर गच्चीत जाऊन बंद केलेत, सगळं प्रेशर तुझ्या एकटीच्या नळाला हाय.

दिपाली : बाकीच्यांचे वॉल बंद केलेस? खालच्या गुरुबसप्पांकडं बाळंतीण हाय.

बिरुदेव : तासाभराचा प्रश्न हाय. आन् त्यांना कुटं म्हाईत हाय टाकीत पाणी हाय म्हणून? पट्टा काढ कमरेचा.

दिपाली : काय?

बिरुदेव : पट्टा काढ पाठीचा. नायतर वरनं पदर घे. म्हातारी विचारंल.

(दारावर थाप. बिरुदेव केसांवरून हात फिरवतो आणि त्याच्या तोंडची भाषाच बदलते. केराबाई उंबऱ्याबाहेर चपला काढते, हॉलकडे न बघता तडक मोरीकडे जाते. पट्ट्यावरून पदर ओढून घेताना दिपालीला स्वतःचीच लाज वाटते.)

बिरुदेव : या मावशी, या. अहो आधी हॉल तर बघा. पूर्व-पश्चिम हवा आहे. वास्तूप्रमाणे किचन आग्नेयेला.

केराबाई : हवा आमच्या माळावर रग्गड हाय बाबा. मोरी कुटं हाय?

बिरुदेव : इकडं. सोडा, सोडा नळ. बघा फोर्स. सोलापुरात असा फोर्स तुम्हाला कुणी दाखवून तर देऊ दे.

केराबाई : (ओंजळीतलं घोटभर पाणी तोंडात घेऊन) आज पाण्याचा वार हाय व्हय हितला?

बिरुदेव : इथं वारबीर काही नाही मावशी. चोवीस तास. उजनीची नवी लाइन आली की दुसऱ्यांनाही रोज मिळेल, आपल्याला आत्ताच आहे. आणि विमान सुरू झालंय आता. दोन वर्षांत या भागाचा रेट बघा कुठं जातो.

केराबाई : इमानातनं पाणी येतंय का?

बिरुदेव : तसं नाही, मावशी...

केराबाई : मग ऱ्हाऊ दे इमान. मला न्हाय बसायचं त्यात. माझ्या नातीला ऱ्हायचंय हितं, राजनंदिनीला. नर्सिंगला नंबर लागलाय तिचा. होस्टेलात तीन म्हैने काढले, कावीळ झाली पोरीला. म्हणलं, रानाचा पैसा बँकेत कुजवण्यापरीस पोरीला चार भिंती घीऊ. ती एकलीच ऱ्हानार. मी आपली आटवड्याला यष्टीनं भाकरी घीऊन येनार.

बिरुदेव : उत्तम विचार. मुलीसाठी तर हे एकदम सेफ. सगळे फॅमिलीवाले. आणि ही माझी बहीण, दिपालीताई. मी फोनवर बोललो होतो ना.

केराबाई : हीच व्हय? बस की बाई, उभी का?

दिपाली : बरी हाय उभी.

केराबाई : बसाय येत न्हाय का तुला?

बिरुदेव : ती जरा घाईत आहे, सामान बांधायचंय. दाजींची श्रीपूरला बदली झालीय. नाहीतर हे घर सोडायला ती तयारच नव्हती.

केराबाई : तुज्या बहिणीला बोलू देत न्हाईस का तिचं ती? मी तिला इचारतीया. पाणी येतं का गं रोज?

दिपाली : येतं.

केराबाई : वर चढतं?

दिपाली : तुमी बघितलंच की आत्ता.

केराबाई : व्हय. बघितलं की. बरं झालं बाई. माझा ल्योक म्हणत होता, दलालाच्या नादी लागू नगं, शहरातली लोकं वंगाळ. तवा हा तुझा भाऊ फोनवर म्हणला, "मावशी, माझी सख्खी बहीण राहते तिथं." म्या ल्योकाला तेच सांगितलं. म्हणलं, बाबा, माणूस दुनियेला फसवंल, पर बहिणीला कुणी वंगाळ घर देत न्हाय. त्या एका सबदावर आले मी. न्हायतर जिना चढून यायचं वय हाय का माझं?

दिपाली : असं म्हणला हा?

बिरुदेव : ताई, कागद आण की आतले. लाइट बिल, टॅक्स पावती...

दिपाली : थांब. मावशी, काय म्हणला हा? परत सांगा.

केराबाई : माझी सख्खी बहीण राहते तिथं. म्हणला, खालचे गुरुबसप्पा आन् समोरचे कोण ते शिक्षक, सगळ्यांनी हिला बघूनच घेतलं म्हणं.

दिपाली : बिरू.

बिरुदेव : जाहिरातीत माणूस चार गोष्टी बोलतो, ताई. कागद आण.

दिपाली : गुरुबसप्पा काका मला रोज विचारतात, "का गं पोरी, तुला तरी कळायला पायजे होतं की. तू हाईस म्हणून आमी आलो." मला वाटायचं, उगं बोलतात, म्हातारं माणूस. तीन वर्सं मी हितं ऱ्हात नव्हते, बिरू. तू मला दारात टांगून ठेवलंतंस. लिंबू-मिरचीगत.

बिरुदेव : मावशी, जरा दोन मिनिटं बाहेर बसता का? आमचं घरगुती...

दिपाली : न्हाय, बसा हितंच. मावशी, पाणी रोज येत न्हाय. सहाव्या दिवशी येतं, तेबी खालच्या हौदात, गुडघाभर. तिथनं कॅन भरून वर आणायचे. लिफ्ट बंद हाय. आत्ता आलेलं पाणी सकाळच्या टँकरचं हाय. ह्यो बघा पट्टा. तीन मजले वजन वाहून पाठ गेलीय माझी. तुमची नात कॉलेज करील का कॅन वाहील?

बिरुदेव : हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मावशी, तिचं ऐकू नका, तिची तब्येत ठीक नाही.

केराबाई : तब्येत न्हाय ते दिसतंय मला. आल्या आल्याच दिसलं. पदर घेतला म्हणून पट्टा झाकत न्हाय. आन् पाणी टँकरचं हाय हेबी तोंडात घेतल्याबरोबर कळलं. मचूळ लागतंय. उनाळ्यात आमचं समदं गाव हेच पितंय, मला जिभंवर ठेवलं की समजतं.

दिपाली : कळलं होतं, मग का इचारलं मला?

केराबाई : तुझ्या तोंडनं ऐकायचं होतं. त्याचं तोंड त्याच्या धंद्याचं हाय. तू तर बाई माणूस, हितं ऱ्हानारी. आन् पयल्यांदा तूबी "येतं"च म्हणालीस.

दिपाली : म्हणले. शनिवारी मला दुसऱ्या जागेचा इसार द्यायचा हाय. तळमजला हाय. म्हणून म्हणले.

केराबाई : खरं बोललीस, पर उशिरा बोललीस. आटवड्यातनं एकदा पाणी आलं तर आमाला काय न्हाय गं, आमची हाडं त्यात मुरल्यात. तू पयल्या झटक्याला सांगितलं असतंस तर म्या दर पाडून घेतलं असतं. लिफ्ट दुरुस्त केली असती, टाकी मोठी बसवली असती. आता न्हाय घेत.

दिपाली : मी आत्ता सांगितलं की सगळं.

केराबाई : व्हय. पर दर आटवड्याला जिना चढताना मला तुझं ते पयलं "येतं" आठवंल. चपला कुटं गेल्या माझ्या?

बिरुदेव : मावशी, दुसरा एक फ्लॅट आहे, होटगी रोडला. उद्या दाखवतो.

केराबाई : तितं कोण ऱ्हातं तुझं? आई का?

बिरुदेव : अहो, ऐका तर. मावशी... गेली. झालं समाधान? तेलबी गेलं, तूपबी गेलं. रोखीचं गिऱ्हाईक होतं. शनिवारी काय देणार हाईस त्या घरमालकाला? पाठीचा पट्टा?

दिपाली : त्या मालकाला फोन करून सांगते, न्हाय जमत म्हणून.

बिरुदेव : आन् मग? हितंच कुजणार?

दिपाली : हितंच. तुझ्या दाजींना सांगते सगळं. तेबी बघू दे, त्यांचा मेव्हणा काय चीज हाय.

बिरुदेव : दाजींना मधी आणू नको. आईच्या कानावर जाईल.

दिपाली : जाऊ दे.

बिरुदेव : आता मी तुझं घर विकून देणार न्हाय. दुसरा दलाल बघ.

दिपाली : बघीन. आन् आजपासनं कुणाला सांगायचं न्हाय, माझी बहीण हितं ऱ्हाते म्हणून. सांगितलंस तर मी त्या माणसाला जिन्यातच गाठीन. पाठीचा पट्टा बांधून उभी ऱ्हाईन.

बिरुदेव : निघतो मी. ह्या भाऊबीजेला बोलवू नको मला.

दिपाली : थांब. ती इरकल घीऊन जा.

बिरुदेव : दिलेली ओवाळणी परत घेतात का कुटं? ठेव. पाया पडतो.

दिपाली : मग आदी वर गच्चीत जा. सगळ्यांचे वॉल सोड. टाकी भरलेली हाय. बाळंतिणीचं पाणी तरी सुटंल.

बिरुदेव : बरं. आन् कुणी विचारलं, आज मधल्याच दिवशी पाणी कसं काय, कुणी आणलं, तर काय सांगू?

दिपाली : खरं सांग. म्हणावं, दिपालीच्या भावानं.